खिडकी उघडते, फोटो येत नाही: डेस्कटॉप ॲपमधल्या चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला शनिवार-रविवारी मी पायथॉनची छोटी बॅच घेतो. बाकीचे दिवस ठाण्या-वाशीतल्या दुकानदारांना लहानसहान डेस्कटॉप प्रोग्रॅम करून देतो. बिलं, स्टॉक, ओळखपत्रं, सोसायटीचे अल्बम, असलीच कामं. दोन्हीकडे एक वाक्य ठरलेलं आहे: “सर, बाकी सगळं चाललं, फक्त फोटो येत नाही.” व्हॉट्सॲपवर तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पान.

पानावर कोड नाही, आणि तो मुद्दाम दिलेला नाही. कोड दिला की मुलं तो चिकटवतात, आणि चूक जिथे होती तिथेच राहते. फंक्शनांची नावं दिली आहेत, शोधलीत की सापडतील. बहुतेक उत्तरं टीकेइंटरची आहेत (पायथॉनची खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी; तिच्या आतलं इंजिन म्हणजे टीके), कारण बॅचमध्ये तेच शिकवतो. क्यूट (खिडक्यांचीच दुसरी लायब्ररी), सी शार्प आणि जावावाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

वाचण्याआधी एवढं डोक्यात ठेवा. चित्राला तीन स्टेशनं असतात: डिस्कवरची फाइल, मेमरीतले पिक्सेल आणि पडदा. ‘फोटो येत नाही’ म्हणजे गाडी कुठल्या तरी दोन स्टेशनांमध्ये उभी आहे. कुठे, ते आधी शोधा.

एरर काहीच नाही. खिडकी उघडते, पण फोटोच्या जागी नुसता रिकामा करडा चौकोन. असं का?

हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न. दर बॅचमध्ये निदान चौघांना येतो, आणि मलाही पहिल्यांदा आला तेव्हा एक अख्खी रात्र गेली होती.

आधी तो चौकोन नीट बघा. फोटो ४०० बाय ३०० चा असेल, तर चौकोनही तेवढाच असतो. म्हणजे फाइल सापडली, वाचली गेली, लेबलला (खिडकीतला चित्र किंवा मजकूर दाखवणारा तुकडा) माप कळलं, आणि नंतर चित्र गेलं. गाडी दुसऱ्या स्टेशनावरून परत फिरली.

कारण असं. तुम्ही फंक्शनच्या आत फोटोइमेज (टीकेइंटरची चित्राची वस्तू) तयार केली आणि लेबलला दिली. पण लेबल फोटो जवळ ठेवत नाही, त्याचं फक्त नाव लिहून ठेवतं. फोटो धरून ठेवलाय तुमच्या फंक्शनातल्या व्हेरिएबलने. फंक्शन संपलं की ते व्हेरिएबल जातं. पायथॉन बघतं की ही वस्तू आता कुणाच्याच हातात नाही, आणि टाकून देतं. लेबलकडे नाव उरतं आणि माप उरतं. टीकेचा नियमच आहे की चित्र पुसलं गेलं तरी त्याची जागा तेवढीच राहते, आत काही नसतं.

म्हणूनच हाच कोड फंक्शनाबाहेर, सरळ फाइलमध्ये लिहिला की फोटो दिसतो. मुलं म्हणतात, “सर, काल चालत होतं, आज फक्त फंक्शनात टाकलं.” तिथेच गेलं.

उपाय एका ओळीचा आहे: फोटो कुणाच्या तरी हातात द्या. क्लास असेल तर सेल्फवर ठेवा. नसेल तर लेबललाच ‘इमेज’ नावाचा गुण चिकटवून त्यात फोटो ठेवा, म्हणजे लेबल जगेल तोवर फोटो जगेल. ‘ग्लोबल’ लिहूनही चालतं, पण ती सवय लावून घेऊ नका.

लूपमध्ये बारा फोटो लावले. शेवटचाच दिसतो.

आजार वरचाच. बारा वेळा एकाच व्हेरिएबलमध्ये नवा फोटो ठेवलात, त्यामुळे प्रत्येक नव्या फोटोने आधीच्याला हातातून खाली पाडलं. एक यादी करा आणि प्रत्येक फोटो तिच्यात टाकत जा.

आता बारा दिसतात, पण कुठल्याही फोटोवर क्लिक केलं की बारावाच मोठा होतो!

याचा चित्रांशी संबंध नाही, पण विचारतात सगळे. लूपमध्ये लॅम्डा (नाव नसलेलं छोटं फंक्शन) लिहिलात. लॅम्डा व्हेरिएबलची किंमत क्लिक होताना बघतो, लिहिताना नाही. क्लिक होईपर्यंत लूप बाराव्यावर जाऊन थांबलेला असतो. लॅम्डाच्या कंसात किंमत आधीच बांधून टाका, किंवा फंकटूल्समधलं पार्शल वापरा.

‘टू अर्ली टू क्रिएट इमेज’ म्हणजे काय? आणि ‘पायइमेज१ डझन्ट एक्झिस्ट’?

पहिल्याचा अर्थ: मुख्य खिडकी तयार व्हायच्या आधीच फोटो मागितलात. आधी टीके बोलावून खिडकी, मग फोटो. मांडव नाही तर तोरण कुठे बांधणार?

दुसऱ्याचा अर्थ बहुतेकदा: तुम्ही टीके दोनदा बोलावलंत. लॉगिनची खिडकी एक टीके, आतली खिडकी दुसरं टीके. ही दोन वेगळी घरं आहेत. एका घरात ठेवलेला फोटो दुसऱ्याला दिसत नाही. दुसरी खिडकी नेहमी टॉपलेव्हलने उघडा.

माझ्या लॅपटॉपवर दिसतो, दुसऱ्याच्या मशीनवर ‘नो सच फाइल’. माझी फाइल तर तिथेच आहे!

‘तिथेच’ म्हणजे कुठे, हाच प्रश्न आहे. फक्त ‘लोगो.पीएनजी’ लिहिलंत तर पायथॉन ती फाइल तुमच्या कोडच्या शेजारी शोधत नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू केला गेला, तिथे शोधतं. ही दोन फोल्डरं तुमच्या लॅपटॉपवर योगायोगाने एकच असतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. ठाण्यातल्याच एका फ्रेमवाल्यांना प्रोग्रॅम करून दिला होता: ग्राहकाचा फोटो उघडायचा आणि त्याभोवती कुठली फ्रेम कशी दिसेल ते दाखवायचं. घरी दहा वेळा तपासला. दुकानात काउंटरवरच्या मशीनवर टाकला, डेस्कटॉपवर शॉर्टकट केला, काकांनी डबल क्लिक केलं, आणि एकही फ्रेम नाही. काउंटरपाशी लग्नाचा फोटो घेऊन आलेलं गिऱ्हाईक उभं. काका मला म्हणाले, “फ्रेम घरीच विसरलास काय?” आणि खरंच तसंच झालं होतं. शॉर्टकटच्या ‘स्टार्ट इन’मध्ये भलतंच फोल्डर होतं आणि प्रोग्रॅम फ्रेम तिकडे शोधत होता.

तेव्हापासून नियम केलाय: चित्राचा पत्ता नेहमी कोडच्या फाइलपासून काढायचा. पाथलिब (पत्ते जोडणारी पायथॉनची लायब्ररी) घ्या, ‘डंडर फाइल’वरून (दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेखा असलेलं ‘फाइल’) आपलं फोल्डर काढा, त्याला चित्राचं नाव जोडा. शंका आली की शोधाशोध करण्याआधी पूर्ण पत्ता छापून बघा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

पूर्ण पत्ता दिला, तरी फाइल मिळत नाही. स्पेलिंग चार वेळा तपासलं.

विंडोजवर असाल तर उलट्या रेघांकडे (बॅकस्लॅश) बघा. पायथॉनच्या साध्या अवतरणात उलटी रेघ आणि तिच्यापुढचं अक्षर यांचा वेगळाच अर्थ होऊ शकतो. आणि या बाबतीत आपल्या भागाचं नशीब विलक्षण फुटकं आहे. मुलं फोटोंची फोल्डरं स्टेशनांच्या नावाने करतात, तीही छोट्या इंग्रजी अक्षरांत. आता ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून वाशी-नेरूळकडे जाणाऱ्या लोकलने, प्रवास करू.

ठाणे: उलटी रेघ आणि टी, म्हणजे टॅब. ऐरोली: रेघ आणि ए, म्हणजे घंटी. रबाळे: रेघ आणि आर, कर्सर ओळीच्या सुरुवातीला. घणसोली आणि कोपरखैरणे बचावतात, फक्त नव्या पायथॉनमध्ये इशारा येतो. तुर्भे: पुन्हा टॅब. वाशी: रेघ आणि व्ही, उभा टॅब. तुर्भ्यावरून नेरूळकडे वळलात तर रेघ आणि एन, म्हणजे नवी ओळ. बेलापूर: रेघ आणि बी, एक अक्षर मागे. म्हणजे तुम्ही ‘फोटो’ फोल्डरातलं ‘नेरूळ’ लिहिलंत, आणि पायथॉनने वाचलं ‘फोटो’, नवी ओळ, ‘ेरूळ’. असं फोल्डर कुणाच्या बापाकडे असणार?

उरणची तऱ्हा आणखी वेगळी. रेघ आणि छोटा यू आला की पायथॉन पुढे चार अंकी युनिकोड क्रमांक मागतं. तो मिळत नाही, मग प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ‘सी’ ड्राइव्हवरच्या ‘यूझर्स’ फोल्डरचा पत्ता चिकटवल्यावर येणारी ‘युनिकोड एरर’ ही याचीच मोठी बहीण. तिथे मोठा यू असतो आणि तो आठ अंक मागतो.

उपाय तीन आहेत. अवतरणाआधी आर लावा. किंवा सरळ रेघ (फॉरवर्ड स्लॅश) वापरा, विंडोजला ती चालते. किंवा पाथलिब वापरा. मी तिसरा वापरतो, कारण आर लावलेल्या अवतरणाचा शेवट एकट्या उलट्या रेघेने करता येत नाही, आणि ते नेमकं घाईत विसरतं.

पीएनजी उघडते, जेपीजी उघडत नाही.

टीकेइंटरच्या स्वतःच्या फोटोइमेजला जेपीईजी येत नाही. जीआयएफ आणि पीपीएम पहिल्यापासून येतं, पीएनजी २०१२ च्या टीके ८.६ पासून. बाकी सगळ्यासाठी पिलो ही लायब्ररी लागते. इन्स्टॉल करताना नाव ‘पिलो’, इम्पोर्ट करताना ‘पीआयएल’. जुन्या पीआयएलचं काम थांबल्यावर पिलो तिच्यातून फुटून निघाली, पण लोकांचे जुने कोड चालत राहावेत म्हणून आतलं नाव तेच ठेवलं. उबंटूवर सिस्टिमची पॅकेजेस वापरत असाल तर टीकेइंटर आणि पिलोचा टीकेशी जोडणारा भाग वेगवेगळे टाकावे लागतात.

आणि कृपा करून स्वतःच्या फाइलला ‘टीकेइंटर.पीवाय’ असं नाव देऊ नका. हसू नका, दर बॅचला एक जण देतो.

फाइलचं नाव पीएनजी आहे, तरी ‘डेटा ओळखता आला नाही’ म्हणतंय.

नाव पीएनजी असेल, आतला माल पीएनजी नसेल. ब्राउझरमधून उतरवलेली कितीतरी चित्रं आता वेबपी असतात आणि लोक नावाचं शेपूट (‘.पीएनजी’ वगैरे) बदलून टाकतात. मिठाच्या डब्यावर ‘साखर’ लिहिल्याने चहा गोड होत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या पीएनजीच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटमध्ये पी-एन-जी ही अक्षरं दिसतात, वेबपी असेल तर सुरुवातीला ‘आरआयएफएफ’. पिलो शेपटीवर विसंबत नाही, आतला माल तपासून उघडते.

आयफोनवरून आलेल्या एचईआयसी फाइलींसाठी पिलोला ‘पिलो-हीफ’ ही जोडणी लावावी लागते. आयफोनने २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून हा प्रकार आणला, त्यामुळे दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

मोबाइलवर उभा दिसणारा फोटो माझ्या ॲपमध्ये आडवा का पडतो?

मोबाइल उभा धरा की आडवा, सेन्सर पिक्सेल आपल्याच ओळीने लिहितो. फोन कसा धरला होता, ते फाइलच्या डोक्यावर एक्झिफ नावाच्या चिठ्ठीत टिपलेलं असतं, १ ते ८ मधला एक आकडा. १ म्हणजे जसाच्या तसा, ३ म्हणजे उलटा, ६ म्हणजे दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा. गॅलरी चिठ्ठी वाचते. तुमचं ॲप वाचत नाही.

पिलोत इमेजऑप्समध्ये एक्झिफ-ट्रान्सपोज आहे. उघडल्याबरोबर ते बोलवा, मग माप बदला. स्वतः ‘रुंदी जास्त असेल तर फिरव’ असली हुशारी करू नका. एकाने केली होती. त्याच्या अल्बममध्ये तलावपाळीचा आडवा देखावा उभा झाला आणि मासुंदा तलावातल्या होड्या भिंतीवर चढल्या.

फोटो लहान-मोठा कसा करायचा? चेहरे ताणले जातात.

फोटोइमेजकडे झूम आणि सबसॅम्पल आहेत, पण ते फक्त पूर्णांकात चालतात. सबसॅम्पल ३ म्हणजे दर तिसरा पिक्सेल ठेवायचा, मधले टाकायचे. चिन्हांना ठीक, माणसांच्या फोटोला वाईट.

पिलोत दोन वाटा आहेत. रिसाइझ तुम्ही दिलेल्या मापात कोंबतं, चेहरा ताणला गेला तरी त्याला देणंघेणं नाही. थंबनेल चौकट मागतं आणि प्रमाण राखून फोटो तिच्यात बसवतं. थंबनेलचे दोन स्वभाव लक्षात ठेवा: ते मूळ वस्तूच बदलतं आणि काहीही परत देत नाही. त्याचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलंत तर हातात ‘नन’ येतो. शिवाय ते फोटो फक्त लहान करतं, मोठा करत नाही.

जुन्या व्हिडिओतून कोड घेतलात तर ‘अँटीएलियस’ सापडेल. पिलो १० मध्ये ते काढून टाकलं. त्या जागी लँक्झोस लिहा, काम तेच आहे.

खिडकी ओढून मोठी केली की फोटोही मोठा व्हावा. मी केलं, पण आता खिडकी आपोआप वाढतच जाते.

छान गंमत आहे ही. खिडकी बदलली की ‘कॉन्फिगर’ घटना येते, तुम्ही फोटो मोठा करता, मोठा फोटो लेबलला ढकलतो, लेबल खिडकीला, की पुन्हा घटना. शेपटीमागे धावणारं कुत्रं. लेबलऐवजी कॅनव्हास (चित्रं मांडायचा फलक) घ्या, तो आतल्या चित्रामुळे फुगत नाही. लेबलच हवं असेल तर बाहेरच्या फ्रेमचा पॅक-प्रोपगेट किंवा ग्रिड-प्रोपगेट बंद करा.

दुसरं, दर वेळी मूळ फोटोवरून नवीन माप काढा, पडद्यावरच्या प्रतीवरून नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलात तर चौथ्या वेळी आजी ओळखू येत नाही. तिसरं, ओढताना सेकंदाला कितीतरी घटना येतात. आफ्टर (ठरलेल्या वेळाने काम करवणारं फंक्शन) वापरून दीडशे मिलिसेकंद थांबा, मधे नवी घटना आली तर जुनं काम रद्द करा. हात थांबला की एकदाच फोटो बदलतो.

सोसायटीच्या गणपतीचे २०० फोटो उघडले, मशीन बसलं. फाइली तर तीन-तीन एमबीच्याच होत्या!

तीन एमबी हे पहिल्या स्टेशनावरचं माप, घडी घातलेल्या साडीचं. मेमरीत ती पूर्ण उलगडते.

मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या, ४००० बाय ३०००. १ कोटी २० लाख पिक्सेल. टीके प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट ठेवतं. ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे एका फोटोला ४८ एमबी. असे २०० म्हणजे ९.६ जीबी. दुकानातल्या मशीनमध्ये ८ जीबी रॅम, त्यातली निम्मी ब्राउझरने खाल्लेली. बसणार नाही तर काय करणार?

आता तेच फोटो २०० बाय १५० चे करा. एकाचे १ लाख २० हजार बाइट, दोनशेंचे मिळून २४ एमबी. म्हणजे पूर्ण मापाच्या अर्ध्या फोटोएवढी मेमरी. यादीत लहान दाखवा, क्लिक झाला की तो एकच मोठा उघडा, तोही पडद्याच्या मापाइतकाच.

इथे एक बारकावा. जेपीईजी फाइल उघडून लगेच थंबनेल बोलावलंत तर पिलो ती उलगडतानाच निम्म्या, पाव किंवा एक अष्टमांश मापात उलगडते. वेग चांगलाच वाढतो. पण आधी एक्झिफ-ट्रान्सपोज केलंत तर अख्खा फोटो उलगडावा लागतो आणि हा फायदा जातो. म्हणून मोठ्या यादीसाठी क्रम उलटा: आधी चौरस चौकटीत थंबनेल, मग सरळ करणं. वर मी नेमकं याच्या विरुद्ध सांगितलंय, माहीत आहे. एका फोटोला तो क्रम, दोनशेंना हा.

लहान केले तरी उघडताना खिडकी ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होते.

कारण फोटो लहान करणं आणि खिडकी रंगवणं ही दोन्ही कामं एकच माणूस करतोय. पोळ्या लाटणारीच वाढायलाही उभी असेल तर पंगत थांबते. फाइल उघडणं आणि लहान करणं वेगळ्या थ्रेडला (प्रोग्रॅममधला समांतर राबणारा दुसरा माणूस) द्या. तयार झालेली पिलोची प्रतिमा त्याने क्यूमध्ये (रांगेत) टाकायची. मुख्य थ्रेडने आफ्टर लावून दर ५० मिलिसेकंदांनी क्यू बघायचा, फोटोइमेज तिथेच बनवायची आणि लेबलला द्यायची. पडद्याला हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा. दुसऱ्या थ्रेडने लावला तर कधी चालतं, कधी प्रोग्रॅम कोसळतो, आणि कोसळतो तो नेमका गिऱ्हाइकासमोर.

कॅनव्हासवर फोटोचा पाव भागच दिसतो, उजवीकडचा खालचा.

तुम्ही शून्य-शून्यवर ठेवलात. क्रिएट-इमेज त्या बिंदूवर फोटोचा मध्य ठेवतं, कोपरा नाही. अँकर ‘एनडब्ल्यू’ द्या.

दुकानदाराच्या नव्या लॅपटॉपवर सगळं धूसर दिसतं.

त्याच्या विंडोजची स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असणार. प्रोग्रॅमने ‘मला दाट पडदा समजतो’ असं सांगितलं नसेल तर विंडोज त्याची खिडकी चित्रासारखी ताणून दाखवतं. सीटाइप्समधून (विंडोजची फंक्शनं बोलावणारी पायथॉनची लायब्ररी) सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस हे फंक्शन १ देऊन बोलवा, तेही खिडकी तयार व्हायच्या आधी. मग सगळं रेखीव होतं, पण चित्रं एकदम लहान दिसतात, कारण आता पिक्सेलला पिक्सेल मोजला जातोय. स्केलिंगच्या प्रमाणात मोठी प्रत द्या.

लोगोभोवती पांढरा किंवा करडा चौकोन येतो. पीएनजी तर पारदर्शक आहे.

पीएनजी पारदर्शक आहे, लेबल नाही. लोगोमागे लेबलचा स्वतःचा रंग दिसतो. फोटोवर लोगो हवा असेल तर दोन्ही एकाच कॅनव्हासवर काढा, तिथे पारदर्शकता नीट चालते. जेपीईजीत ही सोयच नाही, त्यामुळे मध्ये कुठे जेपीईजी करून ठेवला असेल तर पारदर्शकता तिथेच संपली.

जीआयएफ हलत नाही.

टीकेइंटर पहिलीच चौकट दाखवतं. बाकीच्या एकेक करून यादीत भरा आणि आफ्टरने बदलत राहा. क्यूटमध्ये क्यूमूव्ही आहे. सी शार्पच्या पिक्चरबॉक्समध्ये आणि जावाच्या इमेजआयकॉनमध्ये जीआयएफ आपोआप हलतो.

ओपनसीव्हीने उघडलेल्या फोटोत रंग भलतेच का?

ऐरोलीच्या एका विद्यार्थ्याने खाडीवरचे फ्लेमिंगो दाखवले, सगळे निळसर जांभळे. त्याला वाटलं कॅमेरा बिघडला. ओपनसीव्ही (चित्रांवर प्रक्रिया करणारी लायब्ररी) रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने ठेवतं, टीके आणि पिलो लाल-हिरवा-निळा समजतात. सीव्हीटी-कलरने क्रम बदलला आणि पक्षी पुन्हा गुलाबी झाले. याच ओपनसीव्हीचा दुसरा खोडसाळपणा: विंडोजवर फाइलच्या पत्त्यात मराठी अक्षरं असतील तर आयएमरीड एरर न देता गुपचूप ‘नन’ देतं. पिलोला ‘आजीचा वाढदिवस’ चालतो.

फोटोवर मराठी नाव लिहिलं तर वेलांट्या सुटून पडतात.

पिलोचं साधं अक्षरलेखन एकामागून एक अक्षरं मांडतं. ‘कि’मधली वेलांटी आधी येते, जोडाक्षरं जुळतात, हे त्याला कळत नाही. त्यासाठी राक्म नावाची लायब्ररी पिलोला मिळायला लागते. पिलोच्या फीचर्समधलं चेक बोलावून ती आहे का बघा. विंडोजवर तिला लागणारी फ्रिबिडी फाइल बऱ्याचदा नसते. नाव फक्त पडद्यावर दाखवायचं असेल तर भानगडीत पडू नका. विंडोजवर कॅनव्हासच्या क्रिएट-टेक्स्टने फोटोवर मजकूर ठेवा, अक्षरं नीट जुळवायचं काम विंडोज करतं. ओळखपत्र छापायचं असेल तर मात्र राक्म लागेलच.

ईएक्सई केल्यावर चित्रं गायब.

पायइन्स्टॉलरला (पायथॉन प्रोग्रॅमची ईएक्सई बनवणारं साधन) तुमची चित्रं माहीत नसतात. ‘ॲड-डेटा’ने सांगावी लागतात. एकाच फाइलची ईएक्सई केलीत तर ती चालताना स्वतःला एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडते. त्याचा पत्ता सिसमधल्या ‘मेईपास’मध्ये असतो, चित्रं तिथून उचला. प्रोग्रॅम बंद झाला की ते फोल्डर पुसलं जातं, तेव्हा ग्राहकांचे फोटो त्यात साठवू नका. सांगायला नको खरं तर, पण सांगतो.

आम्ही क्यूट, सी शार्प किंवा जावा वापरतो. आमचं काय?

क्यूटमध्ये क्यूलेबलला क्यूपिक्समॅप द्या. लेबल स्वतःची प्रत धरून ठेवतं, त्यामुळे रिकाम्या चौकोनाचा आजार नाही. पण फाइल मिळाली नाही तर एररही नाही, ‘इझ-नल’ विचारून बघावं लागतं. ‘सेट-स्केल्ड-कंटेंट्स’ चेहरे ताणतं. त्याऐवजी स्केल्डला ‘कीप-ॲस्पेक्ट-रेशो’ द्या. दुसऱ्या थ्रेडमध्ये क्यूइमेज वापरा, क्यूपिक्समॅप नाही.

सी शार्पच्या पिक्चरबॉक्सला साइझमोड ‘झूम’ द्या, ‘स्ट्रेच’ नाही. तिथला खरा त्रास वेगळा आहे. इमेज-फ्रॉमफाइलने फोटो उघडला की ती फाइल कुलूपबंद होते. दुकानदार जुना फोटो बदलायला जातो आणि ‘फाइल वापरात आहे’ असं उत्तर येतं. फोटो उघडा, त्याची नवी बिटमॅप प्रत काढा, मूळ सोडून द्या आणि प्रत दाखवा.

जावात इमेजआयकॉन फाइल नसली तरी गप्प बसतो. रुंदी विचारा, उणे १ आली तर फाइल मिळालेली नाही. जारमध्ये बांधलेली चित्रं साध्या पत्त्याने मिळत नाहीत, गेट-रिसोर्स वापरा. डिस्कवरचा फोटो बदलला तरी जुनाच दिसत असेल तर आतल्या इमेजवर फ्लश बोलवा.

टीकेइंटर जुनाट आहे. शिकू का?

जुनं आहेच. जॉन आउस्टरहाउटने बर्कलीत १९८८ साली टीसीएल लिहिलं, टीके त्याच्या मागोमाग आलं. दिसायलाही साधंच आहे. पण पायथॉनबरोबर फुकट येतं आणि ८ जीबीच्या मशीनवर झटकन उघडतं. ज्या दुकानाला एक खिडकी, चार बटणं आणि एक फोटो हवाय, त्याला मी क्यूट विकत नाही. मोठा अल्बम, झूम, फिल्टर असं काम आलं की क्यूट. पायथॉनमधून क्यूट वापरायच्या वाटा दोन, पायक्यूट आणि पायसाइड. पायक्यूटचा परवाना मात्र नीट वाचा. विकायच्या प्रोग्रॅमसाठी पायसाइड सोपं जातं.

प्रश्न विचारताना काय पाठवू?

एररची शेवटची ओळ, मजकूर म्हणून. फाइलचा पूर्ण पत्ता, प्रोग्रॅमने छापलेला. पायथॉन आणि पिलोचा क्रमांक. आणि चौकोन दिसतो की तोही दिसत नाही, ते. लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो नको. त्यात नेमकी एररच्या ओळीवर ट्यूबलाइट चमकत असते.